फी माफ झाली, मग जेवणाचं काय?



गेल्या जुलैमधली गोष्ट आहे. पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात गटाची मासिक बैठक चालू होती. बाहेर पावसाची झड, आत बाराजणी, मधे हिशोबाची वही. बचत गोळा झाली, दोघींचे कर्जाचे हप्ते आले, आणि उठता उठता एक वहिनी म्हणाल्या, “ताई, पोरगीला बारावीला ऐंशी टक्के पडल्यात. सीईटी पण बरी गेलीया. फार्मसी करायची म्हणतीया. आता पैसे कुठनं आणायचं ते सांगा की.”

मी विचारलं, “दाखले काढून ठेवलेत का?”

“कसले?”

“उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअर.”

“जातीचा हाय. बाकीचं फॉर्म भरायच्या वेळी काढू की.”

फॉर्म भरायची मुदत संपायला तेव्हा सहा दिवस उरले होते. त्या सहा दिवसांत काय झालं ते पुढे सांगते. पण आजचा विषय मी घेतला तो या वहिनींमुळेच. कारण हा प्रश्न मला दरवर्षी जून-जुलैत निदान पंधरा घरांतून येतो, आणि दरवर्षी तो पाच वर्षं उशिरा येतो.

कॉलेजचा खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फीचा आकडा येतो. लाख, सव्वा लाख. तो ऐकून घरातला कर्ता माणूस आधीच हात वर करतो, “बीए कर, नाहीतर बघू स्थळ.” बीएला मी नावं ठेवत नाही, मी स्वतः बीएच आहे. पण ती आपणहून निवडलेली असावी. खरं सांगायचं तर आपल्यासारख्या घरातल्या मुलीच्या फीचा मोठा वाटा आज सरकार उचलतं. घर अडतं ते दुसऱ्याच खर्चापाशी. राहायचं कुठं, जेवायचं काय, एसटीचा पास, पुस्तकं, आणि प्रवेशाच्या त्या पहिल्या महिन्यात एकदम लागणारे रोख पैसे. त्याची तयारी मात्र कुणी करत नाही.

आपल्या कोल्हापूरला तरी हे नवीन नसावं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी हेच ओळखलं होतं. खेड्यातला मुलगा हुशार असला तरी शहरात येऊन राहणार कुठं आणि खाणार काय? म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. दसरा चौकातून जाताना त्यातली काही बोर्डिंगं आजही दिसतात. पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील साताऱ्यात वसतिगृह चालवायला लागले, तेव्हा मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. शिकवणारे मास्तर मिळत होते, अडत होतं ते दोन वेळच्या भाकरीपाशी. आजही तसंच आहे, फक्त भाकरीच्या ठिकाणी मेसचं बिल आलंय.

आधी फीचं बघू, म्हणजे मनातली भीती जाईल.

८ जुलै २०२४ ला राज्य सरकारने एक निर्णय काढला. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत अर्धी होती. अनुसूचित जातीच्या मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फी माफ. अनुसूचित जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी त्यांच्या त्यांच्या योजना आहेत. सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरायचे.

आता अटी नीट ऐका, कारण फसगत इथंच होते. ही फी माफी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर नाही. खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल तरीही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मुलीच्या घरी एक एजंट आला. “कॅपच्या फेऱ्या कशाला बघत बसता, मी आजच सीट देतो,” म्हणाला. वडिलांनी घाबरून हो म्हटलं. मुलगी हुशार होती, दुसऱ्या फेरीत तिला सहज जागा मिळाली असती. आज ते घर दरवर्षी पूर्ण फी भरतंय. जिची फी माफ होणार होती त्या मुलीची फी! त्या एजंटाला किती मिळाले ते मला माहीत नाही.

दुसरी अट, माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास निधी, वसतिगृह, मेस, गणवेश हे त्यात नाही. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर आकडा ऐकला की त्यातलं शिक्षण शुल्क किती आणि बाकीचं किती हे लिहून मागा. माफ असलेली फी पात्र मुलीकडून आगाऊ घेऊ नये असं सरकारने कॉलेजांना सांगितलेलं आहे. लाजू नका, विचारा. आपण डेअरीत फॅटसाठी भांडतो, मग इथं का गप्प बसायचं?

आता कागदांकडे येते. या भागात जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मी स्वतः यातच अडकले होते.

माझी बारावी सायन्सला झाली. मला नर्सिंगला जायचं होतं. जुलै उजाडला तेव्हा घरात उसाच्या बिलातला एक रुपया शिल्लक नव्हता, तो सोसायटीच्या कर्जात आणि खतात गेला होता. दाखल्यासाठी वडील एका कार्यालयात चार खेपा घालून आले. कधी साहेब नाहीत, कधी वीज नाही. दाखला हातात पडला तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. माझ्या वर्गातली एक मुलगी, आमच्यापेक्षाही ओढाताणीच्या घरातली, त्याच वर्षी सरकारी वसतिगृहात राहून शिकायला गेली. तिची आई अंगणवाडीत मदतनीस होती, तिने सगळे कागद एप्रिलमध्येच करून ठेवले होते. मार्क माझे जास्त होते. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, पण त्या आठ दिवसांची किंमत मला माहीत आहे.

तर कागद कधी काढायचे ते ऐका. उत्पन्नाचा दाखला त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणून फेब्रुवारीत घाईने काढून ठेवला तर जूनमध्ये तो बाद ठरतो. १ एप्रिल उलटला की लगेच काढायचा. तलाठ्यांचा, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा, उत्पन्नाचा अहवाल घ्या आणि आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करा, दाखला तहसीलमधून येतो. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस हेही एप्रिल-मेमधलंच काम. अधिवासाचा दाखला एकदा काढला की झालं, तो दहावीनंतरच्या सुट्टीत काढून टाका.

सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो जात पडताळणीला. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं, हे अजून कितीतरी घरांत माहीत नाही. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले शोधावे लागतात, जुन्या नोंदी काढाव्या लागतात. मुलगी अकरावी सायन्सला गेली की त्याच वर्षी कॉलेजमार्फत अर्ज टाका. बारावीच्या निकालानंतर धावायला गेलात तर जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांची रांग तुमच्या पुढे असते.

आणि बँक खातं. शिष्यवृत्तीचे पैसे मुलीच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. गंमत अशी की आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं असेल तिथेच पैसे जातात, फॉर्मवर खातं कुठलंही लिहा. आमच्या एका मुलीची शिष्यवृत्ती चार महिने ‘आलीच नाही’. शेवटी कळलं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिचं मोबाइलवरचं खातं उघडून दिलं होतं, आधार तिथं जोडलं गेलं होतं आणि पैसे तिथे पडून होते. बँकेत जाऊन ‘माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय’ एवढं विचारायचं, काम पाच मिनिटांचं आहे. दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक आहे का तेही बघा. आधारवर ‘सुनिता’ आणि गुणपत्रकावर ‘सुनीता’ एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

अर्ज एकदा भरून संपत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, हजेरी लागते, आणि अर्ज कॉलेजच्या टेबलावर पुढे सरकला का हे मुलीने पंधरा दिवसांनी जाऊन विचारावं लागतं. पैसे वर्षाच्या शेवटी येतात, कधी पुढच्या वर्षी येतात. म्हणून शिष्यवृत्ती ही खर्चाला धरायची नाही, आली की पुढच्या वर्षासाठी ठेवायची.

आता वहिनींच्या घरचा हिशोब. दीड एकर ऊस, दोन म्हशी, नवरा-बायको दोघंही राबणारे, धाकटी एक मुलगी. आम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडला तो असा. शिक्षण शुल्क बाजूला ठेवलं, ते माफ. विकास निधी आणि कॉलेजचं इतर मिळून दहा हजार. राहणं-जेवण महिन्याला साडेचार हजार, दहा महिन्यांचे पंचेचाळीस. पुस्तकं आणि प्रॅक्टिकलचं साहित्य सात हजार. येणं-जाणं महिन्याला पाचशे धरून पाच हजार. सीईटी, अर्ज, दाखले, झेरॉक्स यात तीन हजार. बेरीज सत्तर हजार.

सत्तर हजार ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांबा, हे एकदम लागत नाहीत. पहिल्या महिन्यात लागतात ते विकास निधी, पुस्तकं, अर्जाचा खर्च आणि दोन महिन्यांची मेस आगाऊ, म्हणजे एकोणतीस हजार. उरलेले एकेचाळीस हजार पुढच्या आठ महिन्यांत, महिन्याला साधारण पाच हजार. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. प्रत्येक बिलातले बाराशे बाजूला काढले तर महिन्याला छत्तीसशे होतात. लाडक्या बहिणीचे पंधराशे त्यात घातले की पाच हजार शंभर. जमतंय! (योजना आज आहे, उद्याचं कुणी सांगावं, म्हणून सगळा डोलारा तिच्यावर उभा करू नका.) म्हैस भाकड गेली की बिल कमी होतं, पण दिवाळीला डेअरीचा फरक येतो, तो कपड्यालत्त्यात न घालवता त्या महिन्यांसाठी ठेवायचा.

म्हणजे महिन्याचा खर्च आपल्याला पेलतो. पेलत नाही ते पहिल्या महिन्याचं ओझं, कारण प्रवेश होतात जुलै-ऑगस्टमध्ये आणि उसाचं बिल येतं हिवाळ्यात. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा नसतोच. पण हे मुलीच्या जन्मापासून ठरलेलं आहे की ती अठराव्या वर्षी ऑगस्टमध्येच कॉलेजला जाणार! त्या एका महिन्यासाठी पाच वर्षं आधी तयारी करायची, बचतीचं काम एवढंच.

पोस्टात पाच वर्षांचं आरडी, महिन्याला पाचशे. आजच्या ६.७ टक्के दराने पाच वर्षांनी साधारण साडेपस्तीस हजार हातात येतात. मुलगी सातवीत असताना सुरू केलं तर बरोबर बारावीच्या सुट्टीत पूर्ण होतं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं उघडा, वर्षाला अडीचशे भरले तरी चालू राहतं, आणि मुलगी दहावी झाली किंवा अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. दहा वर्षं उलटली की ते खातं उघडता येत नाही, तेव्हा बारशाच्या पैशातच उघडलेलं बरं. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी असेल आणि रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेत नाव घाला, त्यात अठराव्या वर्षी पंचाहत्तर हजार मिळतात.

मुलगी आठवीत असेल तर शाळेत एनएमएमएस परीक्षेचं विचारा. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि ती निवड यादीत आली, तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार. मराठा-कुणबी मुलं ही परीक्षा पास होऊन यादीत थोडक्यात मागे राहिली तर सारथी संस्थेची वर्षाला नऊ हजार सहाशेची शिष्यवृत्ती आहे. हे पैसे घरात खर्च न करता त्याचंच आरडी केलं तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मोठा हातभार लागतो. मुलीच्या लग्नासाठी आपण ती पाळण्यात असल्यापासून गुंज गुंज सोनं जमवतो. त्यातलं एक गुंज इकडे वळवा एवढंच माझं म्हणणं.

राहण्या-जेवणासाठीही सरकारी मदत आहे, पण ती फीसारखी चर्चेत नसते. समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात आधी अर्ज टाकायचा. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सातबारावर जमीन थोडी असेल तर अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवा. शिवाजी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांसाठी ‘कमवा आणि शिका’ आहे, काम करून शिकायचं. आणि जी मुलगी घरून जाऊन-येऊन शिकू शकते तिला एसटीचा विद्यार्थी पास तिसऱ्या हिश्श्यात मिळतो, बारावीपर्यंत तर खेड्यातल्या मुलींना तो मोफतच आहे.

एवढं करूनही कमी पडलं तर कर्ज. आधी बँकेचं शैक्षणिक कर्ज, चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकतानाच्या काळातलं व्याज सरकार भरतं अशी केंद्राची योजना आहे, सगळ्या कॉलेजांना लागू नाही, म्हणून आपल्या कॉलेजचं नाव सांगून बँकेत विचारा. गटातलं अंतर्गत कर्ज फक्त पहिल्या महिन्याची खिंड ओलांडायला घ्या, दहा-पंधरा हजार, आणि उसाच्या बिलाला फेडून टाका. चार वर्षांचं शिक्षण गटाच्या कर्जावर ओढू नका. आणि दारात येऊन आठवड्याच्या हप्त्यावर पैसे देणारे जे आहेत, त्यांचे पैसे शिक्षणाला नकोच. मुलीचा पगार सुरू होतो चार वर्षांनी, त्यांचा हप्ता सुरू होतो पुढच्या सोमवारी.

आता त्या सहा दिवसांचं. उत्पन्नाचा दाखला पाचव्या दिवशी मिळाला. नॉन-क्रिमिलेअर मिळालं नाही, मुदतीनंतर तीन दिवसांनी आलं. त्यामुळे तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला. जागा मिळाली, पुढे फीचंही मार्गी लागलं, पण कोल्हापुरातलं कॉलेज हुकलं आणि सातारा जिल्ह्यातलं मिळालं. कोल्हापूरचं मिळालं असतं तर पास काढून घरनं जाऊन आली असती. वर्षाचे पंचेचाळीस हजार वाचले असते, फार्मसीच्या चार वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. तीन दिवस उशिरा आलेल्या एका कागदाचे! पहिल्या महिन्यासाठी गटातून पंधरा हजार दिले, बाकीचे वहिनींच्या भावाने. दोन्ही फेब्रुवारीत उसाच्या बिलातून फिटले. मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला आहे, सुट्टीत आली की बैठकीला येऊन बसते आणि दुसऱ्यांच्या मुलींचे फॉर्म मोबाइलवर भरून देते.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्या मुली सहावीच्या पुढे आहेत त्यांनी मुलीचं आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन या. कुणाचं काय राहिलंय ते एकदा वहीत लिहून काढू.

वहिनींची धाकटी आता सातवीत आहे. तिचं पोस्टातलं आरडी सुरू झालंय, महिन्याला पाचशे. त्याचं पासबुक वहिनी घरी नेत नाहीत, गटाच्या पेटीतच ठेवतात. म्हणतात, घरात ठेवलं की खताला पैसे लागतातच.